ताकदीची गोळी

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा तमाम नागरिकांस या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, 'ताकदीची गोळी' या नावाची कोणतीही वस्तू या भूतलावर अस्तित्वात नाही. पूर्वी नव्हती, आज नाही, पुढे होण्याची शक्यता नाही. जो कोणी हा शब्दप्रयोग करताना आढळेल, त्याला उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका दवाखान्याच्या तीन नंबरच्या खिडकीपुढे उभं करून, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सोलून काढण्यात येईल.

घोषणा माझी नाही, गोळीबाईंची आहे. ती खिडकी आता नाही, गोळीबाईही नाहीत. त्यांचा राग मात्र शिल्लक आहे आणि तो माझ्याकडे आलेला आहे. लोकांना वारशात पाटल्या मिळतात, भांडी मिळतात, बदलापुरात जमीन मिळते. मला एका परक्या बाईचा संताप मिळाला. मी तो आनंदाने वापरते. औषधाच्या दुकानात एखादा गृहस्थ म्हणाला, 'जरा पायाला मुंग्या येतात, काहीतरी ताकदीचं द्या,' की माझ्या कानशिलांतून वाफ निघायला लागते आणि माझा नवरा शेजारच्या वाण्याकडे काहीच घ्यायचं नसताना जाऊन उभा राहतो.

गोळीबाई म्हणजे ऐंशीच्या दशकात त्या दवाखान्यात टीबीची औषधं वाटणारी बाई. दवाखाना एका ट्रस्टचा, पत्र्याचा, दोन्ही बाजूंना शिलाई मशीनच्या खडखडाटात दबलेला. हजेरीपटावर त्यांचं नाव दुसरं होतं, पण ते पगार देणाऱ्याखेरीज कुणाला माहीत नसावं. त्या गोळ्या देत म्हणून गोळीबाई, असं भोळे लोक सांगत. खरं कारण त्यांचं बोलणं. सुटलं की लागायचंच. खिडकीच्या गजांमधून फक्त त्यांचा चष्मा, बांगडी नसलेला एक हात आणि तो आवाज बाहेर यायचा. 'पुढं! डोळे मिटून उभे आहात का? पुढं!' तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. पोस्टात, रेशन ऑफिसात, शाळेच्या कचेरीत. तिच्याविषयी तुम्ही घरी येऊन जे जे बोललात, ते सगळं आम्ही गोळीबाईंविषयी बोलत होतो.

त्यांचा एक प्रश्न तर सगळ्या कॅम्पात गाजलेला होता. त्या औषधांत एक टपोरी कॅप्सूल असते. ती पोटात गेली की लघवीला नारंगी रंग येतो. म्हणजे माणूस औषध खरंच खातो की नाही, याचा पुरावा रोज सकाळी ज्याचा त्याला मिळतो. गोळीबाई तो पुरावा जाहीर मागत. लग्नाची पत्रिका वाटायला निघाल्यासारखा कडक इस्त्रीचा माणूस खिडकीशी आला, की आतून आरोळी यायची, 'रंग?' त्या माणसाला जमीन दुभंगावीशी वाटायची. 'हळू बोला ना बाई.' 'हळू कशाला? सोन्याचा रंग विचारतेय का? नारंगी की पिवळा?' रांगेतले लोक छताकडे बघायचे. मग अगदी बारीक आवाजात 'नारंगी' असं उत्तर यायचं आणि पंधरा दिवसांचं पाकीट गजांमधून बाहेर सरकायचं.

पाकीट देताना त्या गोळ्या बोटाने वेगळ्या करून सांगत. रांग मोठी, वेळ कमी, समोरचा माणूस घाबरलेला आणि बहुतेक वेळा वाचता न येणारा. म्हणून त्यांनी स्वतःपुरतं एक पाठांतर बसवलं होतं. 'ही टपोरी उपाशीपोटी. ही पांढरी तिच्यासोबत. ही चपटी जेवल्यावर. आणि ही बारकी, ताकदीची.' होय. हाच शब्द, याच तोंडून, दर पंधरा दिवसांनी, प्रत्येकाला. आमच्या गोष्टीतला सगळा घोटाळा या एका शब्दातून झाला, म्हणून तो इथे लक्षात ठेवा.

आता माझे वडील. आम्ही बदलापूरला लागून असलेल्या कुळगावचे, थोडी भातशेती, गोठा, आणि बाबांना अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरी. बाबा म्हणजे अबोल माणूस. त्यांच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे ओल्या काडेपेटीतली काडी पेटवण्यासारखं होतं. मी दहावीत गेले त्या वर्षी ते खोकायला लागले आणि सुकत गेले. 'छातीचा त्रास आहे,' एवढंच आम्हाला सांगितलं. औषध आणायला बदलापुरात कुठे गेले नाहीत, अंबरनाथलाही नाही, कारण तिथे कारखान्यातलं कुणी भेटलं असतं. उल्हासनगरला उतरून कॅम्प चारपर्यंत चालत जायचे. त्या काळी टीबीचं नाव घराबाहेर गेलं की दारातला पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला जायचा आणि मुलीचं लग्न लांबायचं. घरात मुलगी एकच होती, ती मी. मग नाव कसं घेणार? आईला माहीत होतं. मला नव्हतं.

मला फक्त इतकं माहीत होतं की रोज सकाळी मी दूध घेऊन पुस्तक उघडलं की बाबा शर्टाच्या खिशातून कागदाची बारीक पुडी काढायचे आणि त्यातली बारकी गोळी माझ्या तळहातावर ठेवायचे. 'ताकदीची आहे. चांगली असते. दवाखान्यातली.' एवढं मोठं भाषण ते दिवसभरात दुसरं करत नसत. मी मोठ्या तोऱ्यात ती गिळत असे. डोक्यात भूमिती आपोआप शिरतेय, असा मला भासही व्हायचा. चाचणीत गणितात पस्तीसला तीन कमी पडले, तेव्हा मला वाटलं डोस कमी पडतोय. मी बाबांना विचारलंसुद्धा, 'दोन नाही का मिळणार?'

दिवाळीनंतर बाबांचे पाय जळायला लागले. आधी बोटांना मुंग्या, मग तळव्यांना आग. चुलीतले निखारे पायमोज्यात भरल्यासारखं वाटतं, असं त्यांनी आईला सांगितलं. ज्या माणसाने आयुष्यात उपमा दिली नाही तो उपमा द्यायला लागला, यावरून काय ते समजा. अंगावरची चादर पायाला लागली तरी ते पाय ओढून घ्यायचे. कामावरून आले की गोठ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहायचे. म्हैस त्यांच्याकडे बघायची, ते म्हशीकडे.

दवाखान्यात हे सांगायला हवं होतं. पण बाबांनी ते गोळीबाईंना सांगितलं नाही, कारण त्या ओरडल्या असत्या. ते गेले कॅम्प चारमधल्याच दुसऱ्या एका इसमाकडे. पाटीवर डॉक्टर लिहिलेलं होतं; पाटी कुणी लिहिली ते देव जाणे. त्याच्या काचेच्या कपाटात लाल रंगाच्या औषधाच्या छोट्या बाटल्या सराफाच्या दुकानासारख्या मांडलेल्या असत, आणि लोक त्याला सुईवाला म्हणत. कंबर दुखली, लाल सुई. हाताला मुंग्या, लाल सुई. व्यापारी, कारीगर, हमाल सगळे शर्ट वर करून ओळीत बसायचे. बाबांचा तळवा त्याने बघितलाही नाही. 'काका, नस में गर्मी है. ताकत की सुई लगेगी, हर हफ्ते.' चार आठवडे लागली. आग तशीच. पाचव्या खेपेला त्याने विचारलं, 'कोई और दवाई चालू है?' बाबांनी खालच्या आवाजात नाव सांगितलं. तो म्हणाला, 'अरे, वो तो बहुत गरम दवाई है! वही जला रही है. बंद करो.'

मला या माणसाचा आजही इतका राग येतो की त्याचा चेहरा आठवत नाही याचंच मला वाईट वाटतं. कारण त्याचं निम्मं बरोबर होतं. पाय त्या औषधानेच जळत होते. पण निम्मं बरोबर असलेला माणूस पूर्ण चुकलेल्या माणसापेक्षा वाईट. त्याच्यावर विश्वास बसतो. बाबांनी त्या दिवसापासून सगळ्याच गोळ्या बंद केल्या. पाकीट मात्र ते नियमाने आणत राहिले, बाईंना कळू नये म्हणून. आणलेलं पाकीट तांदळाच्या पिंपामागे जात होतं. त्यातली एकच गोळी घरात खाल्ली जात होती. ती माझ्या पोटात.

जानेवारीत बाबांना चालवेना, म्हणून आईने मला त्यांच्यासोबत पाठवलं. 'खिडकीवर औषध घ्या आणि परत या,' एवढीच सूचना. रांगेत मी पुढे होते, बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. आमचा नंबर आला.

'रंग?' आतून आवाज आला.

मी म्हटलं, 'कसला रंग?'

'तू गप गं. काका, रंग?'

बाबा खोटं बोलले असते तर चाललं असतं. तसे ते दोन वेळा बोललेही होते. पण आज मुलगी समोर उभी, आणि मुलीसमोर लघवीविषयी खोटं कसं बोलायचं याचा त्यांना सराव नव्हता. ते म्हणाले, 'पिवळाच.'

खिडकीच्या आतलं टेबल हादरलं. 'पिवळा? पिवळा कसा? औषध कुठं जातंय मग? नदीत सोडता का? अहो, टीबी आहे तुम्हाला, सर्दी नाही! अर्ध्यात सोडलंत तर परत उठतो तो, आणि मग याच गोळ्यांना भीक घालत नाही, कळतंय का?'

'टीबी' हा शब्द मी जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचला होता. आपल्या घरातला म्हणून तो मी त्या खिडकीवर पहिल्यांदा ऐकला. बाबांनी बाईंकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मी त्यांचा खांद्यावरचा हात झटकून टाकेन, असं त्यांना वाटत असावं. मी तो हात धरला, पण मला फार राग आला होता, आणि नेमका कुणाचा ते कळत नव्हतं.

'पाय जळतात, बाई,' बाबा म्हणाले. 'ह्या गोळ्यांनीच जळतात.'

'जळतील! म्हणून तर ती बारकी गोळी देतो ना आम्ही! पायांसाठीच असते ती. रोज घेता ना बारकी?'

'नाही. ती हिला देतो.'

'कुणाला?'

'हिला. दहावीला आहे.'

मग बाई एकदम हळू आवाजात, जो आवाज त्यांच्याकडे आहे हे कुणाला माहीतच नव्हतं, म्हणाल्या, 'का?'

बाबा म्हणाले, 'ताकदीची आहे ना ती? मला कशाला ताकद? पेपर मला द्यायचेत का?'

'कुणी सांगितलं तुम्हाला, ताकदीची म्हणून?'

'तुम्हीच, बाई. दर खेपेला.'

गोळीबाई गप्प बसल्या. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे, कारण असं दृश्य पाहिलेली माणसं फार थोडी आहेत. मग खिडकी आतून बंद झाली, बाजूचं दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. गजांशिवायच्या गोळीबाई लोक पहिल्यांदाच बघत होते. माझ्या खांद्याला लागतील एवढ्या बुटक्या. एवढा मोठा आवाज एवढ्याशा बाईत मावतो कसा, हे कोडं मला त्याही अवस्थेत पडलं. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. 'ही बारकी गोळी आणखी कोण कोण दुसऱ्याला देतं? हात वर करा. आज ओरडणार नाही.'

एक म्हातारी म्हणाली, 'म्या सुनंला देते. वली बाळंतीण हाय ती.' एक शिलाई कारखान्याचा मालक, सिंधी गृहस्थ, संकोचून म्हणाला, 'बाई, मैं अपने कारीगर को देता हूँ. बेचारा बहुत दुबला है.' एकाने आईला, एकीने गरोदर बहिणीला. शेवटी आमच्याच बाजूचा एक धिप्पाड गडी पुढे आला आणि म्हणाला, 'आपन बैलाला देतो. शर्यतीचा हाय.'

'बैलाला!' गोळीबाईंनी दिलेला शब्द मोडला आणि त्या ओरडल्या. 'एकानं, एकानं म्हणून स्वतः खाल्ली नाही! मेल्यांनो, तुम्हाला टीबी झालाय की प्रेम झालंय?' आणि चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या. बराच वेळ पुसला.

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात बाकांवर बसवून जे सांगितलं ते मला आजही तोंडपाठ आहे. 'ही पांढरी गोळी टीबीला मारते. पण मारता मारता तुमच्या नसांच्या ताटातलं एक जीवनसत्त्व ओढून घेते. नसा उपाशी पडल्या की पाय जळतात, मुंग्या येतात, पुढं बधिर होतात. बारकी गोळी ते ओढून घेतलेलं ताटात परत वाढते. बस. एवढंच तिचं काम. ताकद नाही, बुद्धी नाही, शर्यत नाही. कळलं?' मी घाबरत विचारलं, 'मी इतकी खाल्ली, मला काही होईल?' त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. 'तुला काय होणार? एवढ्याशा डोसानं काही होत नाही. गणितात किती पडले?' मी आकडा सांगितला. 'बघा,' त्या बाकांकडे वळून म्हणाल्या, 'ताकदीची गोळी!'

मग अर्थातच त्या सुईवाल्याकडे गेल्या. ड्युटी सोडून, पांढऱ्या कोटात, बाबांचं मनगट धरून, आणि मागे निम्मी रांग. तो कुणाच्या तरी दंडाला कापूस चोळत होता. 'मॅडम, ताकत की सुई है, नुकसान क्या है?' तो म्हणाला. बाईंचं हिंदी त्यांच्या रागाबरोबर तुटत जायचं. 'नुकसान? इनको जो कमी था वो अलग, तुम टोचता है वो अलग! वो लाल औषध खोटा नहीं है, जिसको उसकी कमी है वो चलने लगता है उससे. पण विचारलंत का, काय कमी आहे? प्यासे को भाकर क्यों भरवता है तुम? और टीबी का औषध बंद करो बोलनेवाला तुम कौन?' तो म्हणाला, 'आप चिल्लाइए मत.' या वाक्याने काय झालं असेल ते मी लिहीत नाही. कपाटाची काच मात्र फुटली नाही, एवढं मी साक्षीदार म्हणून सांगते.

पुढच्या आठवड्यात बाईंना ट्रस्टकडून लेखी पत्र आलं: कामाची वेळ सोडून जाणे, रुग्णांशी व बाहेरच्या व्यक्तींशी उद्धट वर्तन. ज्याने माझ्या बापाचं औषध थांबवलं त्याला पत्र नाही. ज्या बाईने ते सुरू केलं तिला पत्र. त्यांनी ते घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. 'आवाजाला पत्र येतं,' त्या म्हणाल्या, 'गप्प बसण्याला कधी येत नाही.'

त्या दिवसापासून त्यांनी 'ताकद' या शब्दाशी उभा दावा मांडला. पण नुसता शब्द पुसून भागेना, त्या जागी दुसरा हवा. आधी त्या म्हणू लागल्या, 'ही बारकी, नसांची गोळी.' पंधरा दिवसांत रांगेतल्या बायका ती सासूच्या गुडघ्यांसाठी नेऊ लागल्या आणि एका पठ्ठ्याने दुकानातून बाटली आणून मूठमूठ खायला सुरुवात केली. बाईंनी त्याला सोलला. 'अरे बाबा, मापात खाल्ली तर नसांना बरी. मूठमूठ खाशील तर हीच नसा बिघडवील!' मग त्यांनी 'उताऱ्याची गोळी' असं नाव ठेवलं. ताबडतोब लोकांनी निष्कर्ष काढला की ज्याला उतारा लागतो ते विष असणार, आणि दोघांनी बाकीच्या गोळ्याच सोडल्या. बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खिडकीतून नवं पाठांतर ऐकू आलं. 'ही टपोरी टीबीची. ही पांढरी टीबीची. ही चपटी टीबीची. आणि ही बारकी, हीसुद्धा टीबीचीच!'

रांगेत एकच चुळबुळ. नाव असं मोठ्याने घ्यायचं? शिलाईवाला मालक हात जोडून म्हणाला, 'बाई, धीरे, धंधे का सवाल है.' सुनेला गोळी देणारी ती म्हातारी रडायला लागली. बाबाही म्हणाले, 'बाई, मुलीचं लग्न व्हायचंय.' तेव्हा गोळीबाई त्यांना म्हणाल्या, 'काका, माझ्या आजाला लोक काय काय नावं ठेवायचे, ठाऊक आहे? छप्पन्न साली ती सगळी नावं आम्ही टाकून दिली. अख्ख्या समाजानं टाकली, आणि तुम्हाला एका गोळीचं लाडकं नाव टाकवत नाही? टीबीची गोळी म्हणा. बघू कोण पोरीला भरवतं ती.' कुणीही भरवली नाही. सून नाही, कारीगर नाही, बैलसुद्धा नाही. त्या नावाने जे केलं ते कुठल्याच औषधाच्या चिठ्ठीला जमलं नव्हतं.

बाबांचं औषध दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिल्यापासून लावून दिलं. बारक्या गोळीचा डोस काही आठवडे वाढवला. पण बाबांची मुलीच्या तळहातावर काहीतरी ठेवायची सवय सुटेल याची बाईंना खात्री नव्हती. त्या अंबरनाथला राहायच्या. दर दुसऱ्या रविवारी आमच्या कुळगावच्या घरी येऊन बसू लागल्या. आई चहा करायची, त्या आधी गोळ्या मोजायच्या आणि मग बाबांना डोळे मिटायला लावून पायाच्या बोटांना कापसाचा बोळा लावायच्या. 'लागला?' 'लागला.' 'खोटं! अजून लावलाच नाही मी.' असा तमाशा चालायचा. शेजारीपाजारी कुंपणाशी यायचे. ही कोण, का ओरडते, असं विचारायचे. एकदा आईने घाबरत घाबरत खरं सांगितलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'अगं, आमच्या ह्यांनाही तेच आहे. ते कल्याणला जाऊन आणतात.'

आग हळूहळू उतरली. आधी घोट्यावरून, मग तळव्यावरून. डावा अंगठा थोडा बधिर राहिला तो राहिलाच. महिने वाया गेले होते, त्याची ती पावती. छाती मात्र साफ झाली. मी दहावी पास झाले. गणितात काठावर, कुठल्याही मदतीशिवाय. गोळीबाईंनी निकाल ऐकून मला पहिल्यांदा आणि शेवटचं शाबास म्हटलं, आणि लगेच, 'अंगठा बघू,' म्हणून बाबांकडे वळल्या.

नव्वदच्या दशकात दवाखाना बंद झाला, बाई निवृत्त झाल्या. त्यानंतरही रस्त्यात भेटल्या की 'रंग?' असं हळूच विचारायच्या आणि हसायच्या. पुढे मी नोकरीला लागले, लग्न झालं, चिखलोलीकडे राहायला गेले. एके दिवशी बाबांचा निरोप आला: गोळीबाई गेल्या. झोपेत, गुपचूप. मला तेही त्यांना न शोभणारं वाटलं.

अंबरनाथच्या त्यांच्या वस्तीतल्या विहारात शोकसभा होती. आम्ही गेलो. बाबा सत्तरीला टेकलेले, मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसले. वंदना झाली, वस्तीतले लोक दोन-दोन वाक्यं साधी आणि खरी बोलले. मग कुठल्याशा पक्षाचे एक पुढारी उभे राहिले. त्यांनी बाईंना आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, हे त्यांच्या पहिल्या वाक्यातच कळलं. 'बाई अतिशय शांत स्वभावाच्या होत्या,' ते म्हणाले. सभेत थोडी हालचाल झाली. 'मृदुभाषी होत्या.' मी ओठ चावले. 'उभ्या हयातीत त्यांनी कधी कुणाला उंच आवाजात एक शब्द बोलल्याचं कुणाला आठवत नसेल.' माझ्या शेजारी काहीतरी सरकलं. पाहते तो बाबा भिंतीचा आधार घेऊन उभे राहत होते. ज्या माणसाने घरातही कधी आवाज चढवला नाही, ज्याने आपल्या आजाराचं नाव आपल्याच मुलीपासून लपवलं, तो भरल्या सभेत लालबुंद होऊन ओरडला, 'काय खोटं बोलता हो साहेब! टीबी होता मला, आणि ती बाई माझ्यावर वर्षभर बोंबलली म्हणून मी जिवंत आहे!'